गोवा पावडर : नायट्यावरील औषध आणि त्वचेचा दाह

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात ‘गोवा पावडर’ या नावाने एक पिवळसर-तपकिरी भुकटी मिळत असे. नायटा अथवा गजकर्ण या बुरशीजन्य त्वचारोगावर ती व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात कालवून लावण्याची रीत होती. मुंबईचे औषधविक्रेते डी. एस. केम्प यांनी १८६४ मध्ये तिच्याकडे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. तिचे मूळ मात्र गोव्यात नव्हतेच. १८७४ मध्ये जोसेफ फेअरर यांनी तिच्याविषयी लिहिले. त्यावरून ब्राझीलमधील बाहिया येथील डॉ. सिल्वा लिमा यांनी ती आपल्याकडील ‘अरारोबा’च असल्याचे ओळखले. तेथील एका वृक्षाच्या खोडातील पोकळ्यांत साचणारा हा पदार्थ पोर्तुगीज व्यापारामार्गे गोव्यात आला आणि गोव्याचेच नाव घेऊन पुढे गेला.

या औषधाचा उपद्रव प्रथम वृक्ष तोडणाऱ्या मजुरांना झाला. उडालेल्या भुकटीने त्यांच्या डोळ्यांची व चेहऱ्याची आग होई. रुग्णांच्या बाबतीत लेपाभोवतीची त्वचा लाल होऊन सुजे, तिच्यावर जांभळट-तपकिरी डाग पडत. लेपाचा हात डोळ्यांना लागल्यास डोळेही सुजत. खरी अडचण निदानाची होती. नायट्याची लाली कोठे संपते आणि औषधाची कोठे सुरू होते, हे निश्चित करण्याचे साधन तत्कालीन चिकित्सकाजवळ नव्हते. लाली पसरल्यावर लेप वाढवावा की थांबवावा, हा निर्णय अंदाजाने होई आणि त्या अंदाजाची किंमत रुग्णाची त्वचा मोजत असे.

१८९५ मध्ये योसेफ यादासोन यांनी त्वचेवर संशयित पदार्थाची पट्टी लावून प्रतिक्रिया पाहण्याची पद्धत मांडली. ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द तर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये योजला. त्यानंतर दोन प्रकारचे दाह वेगळे ओळखता येऊ लागले. एक दाह पदार्थाच्या तीव्रतेमुळे, पुरेशा मात्रेत कोणालाही होणारा. दुसरा शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने त्या पदार्थाची ओळख धरल्यामुळे, मोजक्याच व्यक्तींना अल्प मात्रेतही होणारा. या कसोटीवर गोवा पावडरचा दाह प्रामुख्याने पहिल्या प्रकारात मोडतो. त्यास सरसकट अ‍ॅलर्जी म्हणणे योग्य नव्हे.

मायकोनॅझोलसारखी नंतरची बुरशीनाशक मलमे त्वचेस पुष्कळच सौम्य ठरली. त्यांची अ‍ॅलर्जी क्वचित आढळते, परंतु ती बरा न होणारा नायटा समजली जाऊन तेच मलम अधिक लावले जाण्याचा धोका कायम आहे. शिवाय दोष कित्येकदा मूळ औषधाचा नसून मलमातील परिरक्षकाचा असतो. म्हणून पट्टी-चाचणीत मलमाबरोबर त्यातील घटकही स्वतंत्रपणे तपासले जातात.