फुटबॉलच्या जमाखर्चाकडे वळताना

नवा रायपूरमध्ये बसून फुटबॉलच्या अर्थकारणावर लिहिणे तसे धाडसाचेच. या नगरीचे नाव झाले ते शहीद वीर नारायण सिंह क्रिकेट स्टेडियममुळे. २०१३ साली तिथे आयपीएल आली, २०२३ च्या जानेवारीत पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला. पण याच छत्तीसगडात, बस्तरमधल्या नारायणपूरला, रामकृष्ण मिशनच्या मैदानावर २०२४ साली २० वर्षांखालील मुलांची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा भरली. त्या मुलांनी फुटबॉलवर पोट भरायचे ठरवले, तर त्यांना पगार कोण देणार?

नवख्या वाचकांनी गोलांपेक्षा करारांपासून सुरुवात करावी. २०१० च्या डिसेंबरात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आपले व्यापारी हक्क आयएमजी-रिलायन्सला १५ वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना दिले. त्यातूनच २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग उभी राहिली. मुदत संपत आली आणि २०२५ च्या नोव्हेंबरात नव्या निविदेला एकही बोली आली नाही. मोबाइलवर गोलांचे तुकडे पाहून समाधान मानणारा प्रेक्षक पूर्ण सामन्याचा भाव उतरवतो. फ्रान्समध्येही लीगचा ऑनलाइन प्रक्षेपणाचा करार एका हंगामातच मोडला आणि २०२५ मध्ये तिला स्वतःची वाहिनी काढावी लागली.

उतरलेला भाव भरून काढायला सामने वाढवले जातात. २०२५ च्या क्लब विश्वचषकात तब्बल ३२ संघ होते. सामने वाढले की खेळाडूंचे गुडघे आणि मांड्या बोलू लागतात, आणि ज्यांना पाहायला लोक येतात तेच बाहेर बसतात. पगार मात्र चालूच. राष्ट्रीय संघाकडून खेळताना कुणी २८ दिवसांहून अधिक काळ जायबंदी झाला, तर फिफा क्लबला ठरावीक मर्यादेपर्यंत भरपाई देते. क्लबकडून खेळताना पाय मोडला, तर ही योजना लागू होत नाही.

आता वाचकांनी कोल्हापूरकडे पाहावे. व्यावसायिक संघांपैकी महिंद्रा युनायटेडने २००६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघ गुंडाळला. पुणे सिटी २०१९ मध्ये संपली. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींचे संघ मात्र शाहू स्टेडियमवर आजही पेठाच्या पेठा गोळा करतात. माझ्या मते भारतीय फुटबॉलची खरी ठेव हीच. तरीही तालमीच्या वर्गणीवर पगारी पेशा उभा राहत नाही. इथल्याच फुटबॉलपटू अनिकेत जाधवला मोठे व्हायला कोल्हापूरबाहेर पडावे लागले. म्हणून एखाद्या क्लबचा ताळेबंद हाती आलाच, तर वाचकांनी आधी तिकिटांचे उत्पन्न पाहावे आणि मग जायबंदी खेळाडूंसाठीची तरतूद शोधावी.