कोकण किनाऱ्यानं एकट्यानं सायकल घेऊन निघताय? आधीच्या आठवड्यात एवढं बघून घ्या

पाऊस संपून हवा जरा गार झाली की मुंबई-पुण्याच्या सायकलवाल्यांना कोकण दिसायला लागतं. बोटीनं मांडवा किंवा रेवस गाठायचं आणि मुरूड, दिवेआगर, गुहागर, गणपतीपुळे, मालवण करत रेडीवरून गोव्यात शिरायचं. रस्ता साधारण साडेपाचशे किलोमीटरचा. ग्रुपमध्ये असलं की एकाकडं पंप नसला तर दुसऱ्याकडं असतो. एकट्यानं निघालं, त्यात मुक्काम तंबूत, मग विसरलेली वस्तू ही विसरलेलीच.

पहिला नियम सोपा आहे. शेवटच्या आठवड्यात नवीन काही बसवायचं नाही. नवी सीट, नवे शूज यांचा त्रास पन्नास किलोमीटरनंतर कळतो आणि तेव्हा दुकान मागं राहिलेलं असतं. अपवाद झिजलेल्या ब्रेक पॅडचा. किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट असेल असं वाटतं, पण इथं खाडी ओलांडली की चढ येतो आणि चढ संपला की पुढच्या खाडीकडं तीव्र उतार. सायकलवर पंधरा किलो सामान असेल तर त्या उतारावर ब्रेकचा जीव निघतो. पॅड बदललेच तर निघण्याआधी चांगले घासून, चालवून घ्यायचे.

मग पूर्ण सामान लादून एक चाळीस किलोमीटरची फेरी मारायची. सगळं म्हणजे सगळं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्यांसकट. टाच पिशवीला घासते का, हँडल डुगडुगतं का, कॅरिअरचे बोल्ट ढिले होतात का, हे तेव्हाच कळतं. घरी आल्यावर बोल्ट पुन्हा आवळायचे आणि फेरीत लागलंच नाही असं सामान बाहेर काढून बघायचं. तिसरी जीन्स बहुतेक त्यातच निघते.

पंक्चरची एक गंमत आहे. गावागावात पंक्चर काढणारा भेटतो, पण बऱ्याच महागड्या सायकलींना बारीक तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो आणि त्याचा पंप त्यावर बसत नाही. पितळेचा छोटा अ‍ॅडॅप्टर मिळतो, तो सोबत हवाच. आपल्या मापाच्या दोन ट्यूब, पॅच, टायर लिव्हर, चेनची जोडकडी आणि छोटा पंप एवढं असलं तर काम भागतं. मागचं चाक काढून परत बसवायचा सराव मात्र घरीच, जमलं तर अंधारात करायचा.

तंबू गच्चीवर एकदा लावून बघा. वाळूत साधे खुंटे टिकत नाहीत, त्यामुळं छोट्या पिशव्यांमध्ये वाळू भरून त्या पुरायच्या आणि दोऱ्या त्यांना बांधायच्या. जागा निवडताना नारळाच्या झाडाखाली झोपायचं नाही, कितीही सावली असली तरी. वाडी कुणाची तरी असते, तेव्हा मालकाला किंवा पोलीस पाटलांना विचारूनच तंबू ठोकायचा. एकट्या माणसासाठी हे सुरक्षेचंही आहे, तुम्ही तिथं आहात हे गावात कुणालातरी माहीत होतं. वेळाससारख्या गावांच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात, तिथं वाळूत तंबू आणि रात्रीचे दिवे नकोच.

भरतीचं गणित कोकणातली माणसं बोटांवर करतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पाणी सगळ्यात वर. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा पाणी नेहमीच्या खुणेच्याही पुढं येतं. कॅलेंडरचा फोटो काढून ठेवायचा, नेटवर्क असेलच असं नाही.

दिवसाचा हिशोब किलोमीटरपेक्षा फेरीबोटीवर जास्त अवलंबून असतो. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या फेऱ्यांच्या वेळा निघण्याआधी फोन करून विचारायच्या. दाभोळची शेवटची बोट चुकली तर चिपळूणमार्गे वळसा आहे, तो रात्री सायकलनं मारायचा नसतो. डिसेंबरमध्ये सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, म्हणून पाचपर्यंत मुक्काम ठरलेला बरा.

आता सगळ्यात जास्त टाळली जाणारी गोष्ट, घरच्यांशी बोलणं. "रोज फोन करतो" एवढ्यानं भागत नाही. घाटात, खाडीकाठी रेंज जाते आणि इकडं आईचा जीव टांगणीला. त्यापेक्षा कागदावर लिहून द्यायचं: कोणत्या दिवशी कोणतं गाव, रोजच्या मेसेजची वेळ, आणि तो आला नाही तर किती तास थांबायचं. त्यानंतर आधी मुक्कामाच्या ठिकाणी फोन, मग ११२. रक्तगट आणि घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी हेल्मेटमध्ये, कारण फोन लॉक असतो. थोडी रोख रक्कमही हवी, रेंज नसली की यूपीआयही बंद.

शेवटचे तीन दिवस लांब राइड नको, झोप हवी. निघायच्या आदल्या दिवशी अंगात कणकण असेल तर तारीख पुढं ढकलायची. उन्हात, चढावर, एकट्यानं ताप अंगावर काढण्यात शहाणपण नाही.

परतीची सोयही आधीच बघा. कोकण रेल्वेनं येताना सायकल पार्सल ऑफिसात बुक करावी लागते. छोट्या स्टेशनांवर गाडी जेमतेम थांबते, त्यामुळं मडगाव किंवा रत्नागिरी सोयीचं. स्टोव्हचा गॅस कॅन ट्रेनमध्ये चालत नाही, तेव्हा एकच छोटा न्यायचा आणि शेवटचा चहा होईपर्यंत तो संपेल असा हिशोब करायचा.