चारही चाकांची ओढ

बंगळूरचे इंदिरानगर ही काही पुराणवस्तू नव्हे. बिन्नमंगलच्या परिसरात १९७० नंतरच्या दशकात आखीव भूखंड पडले, तत्कालीन पंतप्रधानांचे नाव वसाहतीस मिळाले, निवृत्त सेनाधिकाऱ्यांची बंगलेवजा घरे उभी राहिली आणि पुढे त्याच घरांच्या तळमजल्यांवर दुकाने व उपाहारगृहे आली. उत्तरेस जुना मद्रास रस्ता, दक्षिणेस जुन्या विमानतळाचा रस्ता. या दोहोंच्या मधल्या शंभर फुटी रस्त्यावर हल्ली एक नवे वाहन दृष्टीस पडते. ते मुळात दहाबारा उतारूंची साधी व्हॅन असते. परंतु तिच्या छपरावर तंबू बांधलेला असतो, मागील दारावर जाडजूड चाक टांगलेले असते आणि तिचे पोट जमिनीपासून वीतभर अधिक उचललेले असते. सकलेशपूरच्या घाटातील किंवा कोडगूच्या मळ्यांतील चिखलवाटा तिला तुडवावयाच्या असतात. अशा गाडीच्या मालकास लवकरच एक प्रश्न पडतो : मागची दोन चाके चिखलात नुसतीच गरगरू लागली, तर पुढच्या दोन चाकांनाही इंजिनाची ओढ देता येणार नाही काय?

प्रश्न हौसेतून निघालेला असला तरी त्याच्या पाठीमागे शंभरांहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातील काही महत्त्वाची पाने मराठी मुलखात लिहिली गेली आहेत. आपल्यापैकी ज्यांनी नोकरीचा उमेदीचा काळ सरकारी जीपमध्ये काढला, त्यांना तर हा इतिहास परका वाटू नये.

वस्तुतः इंदिरानगरच्या शेजारास वाहनांच्या या विद्येचा वारसा आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या साहाय्याने १९४० च्या डिसेंबरात येथून जवळच विमानांचा कारखाना काढला. १९४२ मध्ये सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला. महायुद्ध संपल्यावर विमानांचे काम रोडावले, तेव्हा याच कारखान्याने बसगाड्यांचे सांगाडे आणि रेल्वेचे डबे बांधून आपल्या कारागिरांचे हात चालू ठेवले. डबे बांधण्याचे ते काम पुढे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या भारत अर्थ मूव्हर्सकडे गेले, आणि त्याच संस्थेने १९८६ पासून सैन्यासाठी टाट्रा जातीचे सर्व चाकांना ओढ असलेले ट्रक बांधण्यास आरंभ केला. वाहन म्हणजे दोन निराळ्या गोष्टी, एक वरचा सांगाडा आणि दुसरी खालची चाल, हे ज्ञान या भागातील कामगारांना पिढीजात आहे म्हणावयास हरकत नाही. आपल्या विषयाचे मर्मही याच भेदात आहे. सांगाडा बदलणे सोपे असते. चाल बदलणे म्हणजे वाहनाचा सारा हिशेब नव्याने मांडणे होय.

तो हिशेब थोडक्यात असा. मागच्या चाकांवर चालणाऱ्या व्हॅनमध्ये इंजिनाची शक्ती गिअरबॉक्समधून एका लांब दांड्याने मागील आसाकडे जाते. पुढच्या चाकांना शक्ती द्यावयाची तर गिअरबॉक्सच्या पाठीमागे ट्रान्सफर केस नावाची दुसरी पेटी बसवून तेथून एक दांडा मागे व एक पुढे न्यावा लागतो. मागचा मूळ दांडा त्यामुळे आखूड करावा लागतो आणि कापलेल्या दांड्याचा तोल पुन्हा साधावा लागतो. नाहीतर तो वेगात थरथरू लागतो. पुढे साध्या आसाच्या जागी शक्ती वाहणारा आस येतो. तो इंजिनाच्या तेलाच्या तळपात्रास अडतो, म्हणून गाडी उचलणे भाग पडते. गाडी उचलली की सुकाणूच्या सळ्यांचे कोन बिघडतात व ब्रेकच्या नळ्या अपुऱ्या पडतात. शिवाय पुढच्या आणि मागच्या आसांतील दात्यांचे प्रमाण तंतोतंत एकच असावे लागते. त्यात अंतर राहिले तर दोन आस एकमेकांशी झगडू लागतात आणि त्या झगड्यात दाते तरी झिजतात किंवा दांडा तरी पिळवटतो.

याहून अवघड अडचण पुढच्या चाकांची आहे, कारण त्यांना एकाच वेळी वळावेही लागते आणि ओढावेही लागते. दांड्याचा साधा सांधा वाकला की त्याची गती समान राहत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो व दोनदा मागे पडतो. वळतानाही समगती राखणारे सांधे फ्रान्स आणि अमेरिका येथे १९२० नंतरच्या दशकात सिद्ध झाले, तेव्हा कोठे ही विद्या सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली. तत्पूर्वीचे प्रयत्न थोडे नव्हते. हॉलंडमधील स्पायकर बंधूंनी १९०३ मध्ये चारही चाकांना ओढ असलेली शर्यतीची मोटार बांधली. अमेरिकेत विस्कॉन्सिन प्रांतातील क्लिंटनव्हिल या छोट्या गावी झॅको आणि बेसर्डिक या दोघा मेस्त्रींनी १९०८ च्या सुमारास असेच वाहन तयार केले, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या कंपनीचे ट्रक पहिल्या महायुद्धात चिखलातून तोफखान्याचे सामान ओढू लागले.

परंतु तयार गाडी घेऊन तिची चाल बदलण्याचा धंदा खऱ्या अर्थाने मांडला तो मार्मन-हेरिंग्टन या कंपनीने. ही १९३१ मध्ये इंडियानापोलिस येथे स्थापन झाली आणि १९३५ पासून फोर्डच्या साध्या ट्रकांना, व लवकरच उतारूंच्या स्टेशन वॅगनलाही, पुढचा चालता आस बसवून देऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात दक्षिण आफ्रिकेने आपल्या चिलखती गाड्या फोर्डच्या सांगाड्यांवर याच कंपनीचे भाग बसवून बांधल्या. हे रूपांतर एखाद्या हौशी गॅरेजात नव्हे, तर कारखान्यात, एकाच जातीच्या गाडीसाठी मोजूनमापून केलेल्या भागांनी होत असे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

त्याच युद्धाने जीप जन्मास घातली. विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून युद्धकाळात सुमारे साडेसहा लाख जीपगाड्या बांधल्या. जीप हे रूपांतर नव्हते. चारही चाकांची ओढ प्रथम ठरवून मग तिच्याभोवती आखलेले ते वाहन होते. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र आणि महंमद यांच्या कंपनीने १९४७ मध्ये तिचे सुटे भाग मुंबईस आणण्यास प्रारंभ केला. फाळणीनंतर भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले, १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्र आणि महिंद्र असे झाले आणि माझगावात जीपची जुळणी होऊ लागली.

स्वतंत्र भारताच्या कारभारात या गाडीने जे स्थान मिळवले ते वाचकांस सांगावयास नकोच. तहसीलदाराची पाहणी, निवडणुकीच्या पेट्या, देवीच्या लसीची मोहीम, पाटबंधाऱ्यांची मोजणी, १९७२ च्या दुष्काळातील कामांवरील फेऱ्या : जेथे बैलगाडीची चाकोरी संपत असे तेथून पुढे सरकार जीपने जात असे. त्या काळी आडवाट हा शब्द कोणी हौसेने उच्चारीत नव्हते. बहुसंख्य खेड्यांची ती एकमेव वाट होती.

मात्र जीपमध्ये माणसे थोडी मावत. आरोग्य पथक, शाळकरी मुले, धरणावरचे मजूर यांची ने-आण करावयाची तर मोठा सांगाडा हवा. येथे आपल्या विषयाचा खरा प्रश्न प्रथमच देशापुढे उभा राहिला. उत्तर असे निघाले की, व्हॅनला जीपची चाल जोडण्याऐवजी जीपच्या चालीवर व्हॅन बसवावी. विलीज कंपनीने १९५६ च्या अखेरीस अमेरिकेत असे एक वाहन आणले होते. त्यात चालक इंजिनाच्या मागे न बसता जवळजवळ त्याच्यावर बसे, आणि त्यामुळे आखूड चासीवरही मोठी जागा मिळे. महिंद्रांनी १९६५ मध्ये ते भारतात बनविण्यास घेतले व पुढे त्याच घराण्यातून बंद सांगाड्याच्या छोट्या बसगाड्या निघाल्या.

या वाहनाचा अमेरिकेतील अनुभव बोधप्रद आहे. त्याची चासी जीपची, म्हणजे दोन आसांत अवघे ८१ इंच अंतर असलेली होती. भार मात्र उंच आणि पुढे सरकलेला होता. उतारावर जोराने ब्रेक लावला तर मागची बाजू हलकी पडे. दुसऱ्याच वर्षी कंपनीला डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर ४८ इंचांवरून ५७ इंचांपर्यंत वाढवावे लागले. खालची चाल मुळापासून चार चाकांसाठी आखलेली असतानाही केवळ वरचा सांगाडा बदलल्याने एवढा तोल ढळला. मग जेथे सांगाडाही उंच आणि चालही उसनी, तेथे काय होईल, याचा विचार प्रत्येकाने करावा.

पुण्याने दुसरी वाट धरली. नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने जर्मनीतील टेम्पो कंपनीच्या सहकार्याने १९५८ मध्ये बजाज टेम्पोची स्थापना झाली. १९६९ मध्ये या कंपनीने मॅटाडोर ही व्हॅन आणली. तिची ओढ पुढच्या चाकांवर होती, त्यामुळे तळ सखल राही आणि रुग्णास किंवा शाळकरी मुलास चढणे सोपे जाई. रस्ता असेल तेथे ती उत्तम होती. १९८७ मध्ये तिच्या जोडीस मागच्या चाकांवर चालणारी ट्रॅव्हलर आली. तिचा मूळ सांगाडा मर्सिडीजचा होता. आज फोर्स मोटर्स या नावाने ओळखली जाणारी हीच कंपनी चारही चाकांची गुरखाही बनवते. म्हणजे आकुर्डीच्या एकाच घराण्यात व्हॅनही आहे आणि आडवाटेची गाडीही. परंतु या दोन भावंडांनी आपापली कामे वाटून घेतली.

जर्मनीत फोक्सवॅगनने मात्र व्हॅनचीच चाल बदलून दाखवली. तिचे अभियंते गुस्टाफ मायर आणि हेनिंग डुकश्टाइन यांनी १९७५ नंतर कंपनीच्या प्रसिद्ध व्हॅनला चारही चाकांची ओढ देऊन ती सहारा वाळवंटात चालवून पाहिली. तरी ती गाडी विक्रीस येण्यास १९८५ साल उजाडले, आणि जुळणीचे काम ऑस्ट्रियातील ग्राझ येथील अशा वाहनांत मुरलेल्या कारखान्याकडे सोपवावे लागले. पुढच्या आसास जागा करून देण्यासाठी पेट्रोलची टाकीसुद्धा पुढून उचलून मागे न्यावी लागली. ज्या कंपनीने ती व्हॅन स्वतः घडवली, तिलाही हे काम दहा वर्षे पुरले.

आता इंदिरानगरच्या प्रश्नाकडे वळू. यांत्रिक अडचणी कुशल मेस्त्री पैसा व वेळ घेऊन पार करील. आपल्या देशात तशी बोटे पुष्कळ आहेत. परंतु या रस्त्यात कायदाही उभा आहे, आणि तो अडवणुकीसाठी उभा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे ५२ वे कलम सांगते की, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने केंद्र सरकारला बदलांसाठी अटी व मानके ठरविण्याचा अधिकार दिला, आणि अनुज्ञेय नसलेल्या प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षाही सांगितली. नव्या वाहनाची कसोटी घेणाऱ्या संस्थांपैकी दोन आपल्याच मुलखात आहेत : पुण्याच्या वेताळ टेकडीवरील १९६६ मध्ये स्थापन झालेली वाहन संशोधन संस्था आणि आता अहिल्यानगर म्हटल्या जाणाऱ्या नगरची संरक्षण खात्याची प्रयोगशाळा. तेथे गाडीचे ब्रेक, सुकाणू, उतारावरील तोल हे सारे मोजले जाते. गॅरेजातून निघालेल्या एकट्या गाडीस ही कसोटी सहसा लाभत नाही.

फायलींवर सह्या करण्यात आयुष्य गेलेल्या आपल्या वाचकवर्गास या नियमाचे मोल निराळे समजावून देण्याची आवश्यकता नाही. एकट्याने जीप उलटवली तर तो स्वतःच्या धाडसाची किंमत मोजतो. व्हॅनमध्ये मात्र मागच्या बाकांवर दहा जण विश्वासाने बसलेले असतात, आणि चालकाच्या पायाखाली कोणता आस कोणी जोडला हे त्यांना माहीत नसते. उतारूंच्या वाहनाची चाल बदलणारा मनुष्य त्या दहा जणांच्या वतीने निर्णय घेत असतो. बदलाचा विचार ज्याच्या मनात असेल त्याने आधी मूळ चारही चाकांच्या गाडीचा विचार करावा. ते जमण्यासारखे नसेल तर चांगले टायर, दोर आणि सावध चालक यांवर समाधान मानावे. चिखलातील बहुतेक संकटांतून एवढ्याने सुटका होते.

या इतिहासाला आणखी एक बाजू आहे. २५ डिसेंबर २००० रोजी ग्रामसडक योजना सुरू झाली आणि तेव्हापासून असंख्य खेड्यांच्या वाटा डांबराच्या झाल्या. चारही चाकांची ओढ ही कारभाराची गरज होती, ती हळूहळू शहरी माणसाची रविवारची हौस झाली. ही प्रगतीच होय, आणि तिचा खेद करण्याचे कारण नाही. तथापि गडचिरोलीतील भामरागडसारख्या ठिकाणी आजही पर्लकोटा नदीला पूर आला की गावांचा संपर्क तुटतो, आणि तेव्हा कोणत्याही गाडीची दोन चाके ओढतात की चार, याने फरक पडत नाही. तेथे उंच पूल लागतो. जीप ही आपल्या कारभाराने रस्त्याच्या अभावावर काढलेली तात्पुरती तोड होती. ती तोड इतकी उपयोगी पडली की काही ठिकाणी मूळ काम करावयाचे राहूनच गेले. शनिवारी चिखल शोधत शहराबाहेर पडणाऱ्यांनी तो अवश्य शोधावा. मात्र ज्यांच्या दारातला चिखल अद्याप कोणी उपसलेला नाही, त्यांच्या वाटेची फाईल ज्यांच्या टेबलावर येते, त्यांनी ती तेथे अडकू देऊ नये.