स्वाक्षरित यूआरएल

स्वाक्षरित यूआरएल किंवा साइन्ड यूआरएल म्हणजे सर्व्हरवरील खासगी चित्र अथवा अन्य फाइल मर्यादित काळापुरती पाहू देणारा आंतरजालावरील पत्ता होय. परवानगीची मुदत आणि सर्व्हरने केलेली सांकेतिक स्वाक्षरी या पत्त्यातच समाविष्ट असते. क्ष-किरण चित्रे, ओळखपत्रांच्या प्रती, कौटुंबिक छायाचित्रे इत्यादी प्रतिमा ब्राउझर किंवा मोबाइल अ‍ॅपपर्यंत पोहोचवण्यासाठी ही पद्धत वापरली जाते.

आवश्यकता

सार्वजनिक फोल्डरमधील प्रतिमा तिचा पत्ता ठाऊक असलेल्या कोणालाही उघडता येते. संकेतस्थळावर लॉगिनची सोय असली तरी यात फरक पडत नाही. फाइलांना १०१, १०२ असे क्रमांक दिलेले असल्यास केवळ आकडा बदलून दुसऱ्या रुग्णाचे चित्र पाहता येते. ओवास्प या संस्थेच्या २०२१ च्या यादीत सदोष प्रवेशनियंत्रण हा वेब अनुप्रयोगांपुढील पहिल्या क्रमांकाचा धोका मानला आहे. प्रत्येक चित्र मुख्य अनुप्रयोगामार्फत तपासून पाठवता येते. मात्र त्यामुळे त्यावरील भार वाढतो.

कार्यपद्धती

वापरकर्त्याचा अधिकार तपासल्यानंतर सर्व्हर फाइलचा मार्ग व मुदत यांवरून गुप्त किल्लीच्या साहाय्याने स्वाक्षरी तयार करतो. यासाठी बहुधा हॅशवर आधारित एचमॅक ही रीत वापरतात; तिचे विवरण १९९७ मध्ये आरएफसी २१०४ या दस्तऐवजात प्रसिद्ध झाले. चित्राची मागणी येताच साठवण-सर्व्हर स्वाक्षरी पुन्हा काढून ताडून पाहतो. मार्ग किंवा मुदत यांत एका अक्षराचाही बदल आढळल्यास अथवा मुदत संपली असल्यास मागणी नाकारली जाते. गुप्त किल्ली सर्व्हरवरच राहणे अत्यावश्यक आहे, कारण अ‍ॅपमध्ये दडवलेली किल्ली शोधून काढता येते. अ‍ॅमेझॉन एस३ च्या चौथ्या आवृत्तीच्या स्वाक्षरीत ही मुदत जास्तीत जास्त ७ दिवसांची असते.

मर्यादा

स्वाक्षरी पत्त्यावर असते, व्यक्तीवर नव्हे. मुदत संपेपर्यंत पत्ता ज्याच्या हाती पडेल, त्याला चित्र दिसते. म्हणून मुदत काही मिनिटांचीच ठेवणे, एचटीटीपीएस वापरणे आणि सर्व्हरच्या नोंदींत पूर्ण पत्ता न साठवणे इष्ट ठरते. दिलेला एखादाच पत्ता मुदतीपूर्वी रद्द करणे सहसा शक्य नसते. किल्ली बदलल्यास तिच्यावर आधारलेले सर्वच पत्ते निकामी होतात. शिवाय पडद्यावर आलेल्या चित्राचा स्क्रीनशॉट या पद्धतीने रोखता येत नाही.