कौशल्य घडविणारे मैदान

विदर्भाकडून खेळलेला यवतमाळ जिल्ह्यातील अक्षय कर्णेवार हा दोन्ही हातांनी फिरकी गोलंदाजी करणारा दुर्मिळ खेळाडू होय. आरंभी तो उजव्या हाताने ऑफस्पिन टाकत असे. क्षेत्ररक्षणात चेंडू फेकायचा मात्र डाव्या हाताने. ही बाब प्रशिक्षकांनी हेरली आणि डाव्या हातानेही गोलंदाजी करून पाहण्यास सुचविले. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी सय्यद मुश्ताक अली करंडक स्पर्धेत मणिपूरविरुद्ध त्याने चारही षटके निर्धाव टाकून २ बळी घेतले.

असा खेळाडू घडण्यासाठी सराव कसा आखावा, हा खरा प्रश्न आहे. आपल्याकडे सराव म्हणजे बहुधा घोटणे. मुले रांगेत उभी राहतात, शिट्टी वाजते आणि एकच हालचाल शंभरदा केली जाते. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांनी १९२०च्या दशकात मॉस्को येथे छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कसबी कामगारांच्या हालचाली टिपल्या. घाव अचूक पडत होता; परंतु खांदा, कोपर आणि मनगट यांची हालचाल दर घावाला थोडी निराळी होती. कसब एकाच साच्यात नसते, बदलत्या स्थितीत तोच परिणाम साधण्यात असते, हे त्यातून दिसले. पुढे १९८६ मध्ये कार्ल न्यूवेल यांनी हालचालीला आकार देणारी तीन बंधने सांगितली: खेळाडूचे शरीर, परिसर आणि समोरचे काम. प्रशिक्षकाला यांपैकी परिसर व काम सहज बदलता येते.

मुंबईची कांगा लीग हे याचे अस्सल मराठी मातीतले उदाहरण. १९४८ पासून ही स्पर्धा ऐन पावसाळ्यात, उघड्या व ओल्या खेळपट्ट्यांवर खेळली जात आली. वाढलेल्या गवतात जमिनीलगतचा फटका अडतो, चेंडू कधी उसळतो, कधी बसतो. उशिरा व मऊ हातांनी खेळण्याचा धडा तेथे खेळपट्टीच देते. सचिन तेंडुलकरने १९९८ मध्ये शेन वॉर्नला तोंड देण्यापूर्वी लेग स्टंपबाहेरची जागा मुद्दाम खरवडून घेतली आणि लक्ष्मण शिवरामकृष्णनला त्या खरबरीत भागावर चेंडू टाकायला लावले. चेन्नई कसोटीच्या पहिल्या डावात तो वॉर्नकडूनच ४ धावांवर बाद झाला, हे खरे. दुसऱ्या डावात मात्र त्याने नाबाद १५५ धावा केल्या.

याला फार खर्च येत नाही. दोन्ही हातांनी टाकणाऱ्या मुलासमोर जाळ्यात एक उजवा व एक डावखुरा फलंदाज आलटून पालटून उभा करावा. हात बदलताना पंचांना सांगणे नियमाने बंधनकारक आहे, म्हणून सरावातही कोणाला तरी पंच करावे. निर्णय घेण्याची व तो जाहीर करण्याची सवय तेथेच लागते. खो-खोमध्ये तर बंधने नियमांतच आहेत. आक्रमकाला एकदा घेतलेली दिशा खांब ओलांडेपर्यंत बदलता येत नाही, म्हणून त्याला खो केव्हा द्यायचा हे ओळखावे लागते. नुसते खांबापर्यंत धावण्याचे फेरे मारून ही जाण येत नाही. त्यापेक्षा तीन बचावपटू ठेवून थोड्या वेळाचे, खरे डाव खेळवावेत.

अर्थात परिसर अवघड करणे म्हणजे तो धोकादायक करणे नव्हे. यवतमाळची काळी माती पावसात चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ओल्या मातीत पाय रोवण्याचा सराव चांगला; भेगांवर धावणे म्हणजे घोटा मुरगळून घेणेच. पारा चाळिशीपलीकडे जाणाऱ्या महिन्यांत सराव पहाटे घ्यावा. एका वेळी एकच बंधन बदलावे आणि मुलाला दोन-चार वेळा चुकू द्यावे. प्रत्येक चेंडूनंतर सूचना करण्याचा मोह आवरणे आपल्या अनेक प्रशिक्षकांना जड जाते.