काळ्या पाण्याची वाट

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर थंडीची चाहूल लागली की उत्तरेकडील बंदरांतून लहान लहान शिडाच्या नौका दक्षिणेकडे निघतात. पुष्कळ नौकांवर माणसे दोनच; नवरा आणि बायको. नोकरीधंद्यातून मोकळी झालेली, मुले मार्गी लागलेली, घरास कुलूप घालून चार-सहा महिने पाण्यावरच संसार थाटणारी. फ्लॉरिडाच्या उन्हाकडे धाव घेणाऱ्या ह्या मंडळींस तिकडे विनोदाने ‘हिमपक्षी’ म्हणतात. नवलाची गोष्ट अशी की, प्रवास हजार मैलांवर लांब व किनाऱ्याकिनाऱ्याने व्हावयाचा असूनही त्यांस भर समुद्रात जावेच लागते असे नाही. व्हर्जिनियातील नॉरफोकपासून फ्लॉरिडातील मायामीपर्यंत किनाऱ्याच्या आतल्या अंगाने खाड्या, नद्या आणि कालवे ह्यांची एक अखंड वाट आहे.

ह्या वाटेच्या आरंभीच एक जागा लागते. नॉरफोकच्या दक्षिणेस डीप क्रीक येथे पाणी चढविण्या-उतरविण्याचे दरवाजे आहेत. नौका आत घ्यावी, मागचे दार बंद व्हावे, पाणी हळूहळू सात-आठ फूट चढावे आणि पुढचे दार उघडावे. की समोर बाणासारखा सरळ, अरुंद, दोहो बाजूंस दाट झाडी असलेला कालवा दिसू लागतो. पाण्याचा रंग कोऱ्या चहासारखा तांबूस-काळा. सायप्रस आणि ज्युनिपर ह्या झाडांचा व युगानुयुगे कुजत पडलेल्या पाल्याचा अर्क त्यात उतरलेला असतो. हे पाणी लवकर नासत नाही अशी ख्याती होती, म्हणून शिडांच्या जहाजांच्या काळी खलाशी लांबच्या सफरीसाठी त्याची पिंपे भरून घेत. आपल्याकडे काळे पाणी म्हटले की अंदमान आठवते. ह्या दुसऱ्या काळ्या पाण्याचा इतिहासही बंदिवासाचाच आहे, आणि तो तेथून सुखाने जाणाऱ्या एखाद्या दांपत्यास ठाऊक असेलच असे नाही.

ही आतली वाट काढण्याची गरज का पडली, हे कोकणच्या वाचकांस चटकन कळेल. आपल्या खाड्या डोंगरातून निघून सरळ समुद्रास मिळतात. एका खाडीतून दुसरीत जावयाचे तर गलबतास समुद्रावाचून गत्यंतर नाही. उत्तर कॅरोलिनाच्या किनाऱ्याची रचना निराळी आहे. तेथे समुद्राने वाळूची एक लांबलचक पट्टी उभी केली असून तिच्या आत उथळ पाण्याचे विस्तीर्ण जलाशय पसरले आहेत. पट्टीच्या बाहेर हॅटरसचे भूशिर. तेथील वादळांनी आणि सरकत्या वाळूच्या दांड्यांनी इतकी जहाजे खाल्ली की त्या भागास ‘अटलांटिकचे स्मशान’ असे नावच पडले. अमेरिकन यादवीतील प्रसिद्ध चिलखती जहाज ‘मॉनिटर’ हेही 1862 च्या डिसेंबरअखेर तेथेच बुडाले. तेव्हा आतील जलाशय नॉरफोकच्या बंदरास जोडता आले तर कॅरोलिनाच्या मालास हे स्मशान टाळता येईल, हा विचार साहजिक होता. आड येत होती ती एक प्रचंड दलदल. तिचे नाव ‘डिस्मल स्वाँप’. डिस्मल म्हणजे उदास, भयाण.

ह्या दलदलीवर पहिल्याने ज्यांचा डोळा गेला त्यांत जॉर्ज वॉशिंग्टन होता. 1763 साली त्याने ती स्वतः पाहिली आणि काही सधन मित्रांसह तिचे पाणी काढून जमीन व लाकूड मिळविण्यासाठी एक मंडळी काढली. भागीदारांनी भांडवलाबरोबर आपापले गुलामही पुरवावयाचे असा करार होता. पुढे कालव्याची योजना निघाली. व्हर्जिनियाने 1787 मध्ये व उत्तर कॅरोलिनाने 1790 मध्ये तीस मान्यता दिली, आणि 1793 साली दोन्ही टोकांकडून खणण्यास आरंभ झाला. बावीस मैलांचे हे काम पुरे होण्यास 1805 साल उजाडले. आम्ही विद्यार्थीदशेत जो अमेरिकेचा इतिहास वाचला त्यात असल्या कामांपुढे ‘कंपनीने कालवा खणला’ एवढेच वाक्य असे. कंपनीच्या हातात कुदळ नव्हती. कुदळ होती ती आजूबाजूच्या मालकांकडून वर्षाच्या बोलीने भाड्याने घेतलेल्या नीग्रो गुलामांच्या हातात.

हे लोक कसे राबत, ह्याची हकीकत त्यांच्यापैकीच एकाने सांगून ठेवली आहे. मोझेस ग्रँडी हे त्याचे नाव. त्याचा जन्म उत्तर कॅरोलिनाच्या कॅमडेन परगण्यात अठराव्या शतकाच्या अखेरीस झाला. त्या प्रांतात कालवे खणणारे गुलाम कमरेपर्यंत, प्रसंगी त्याहूनही खोल चिखलपाण्यात उभे राहून झाडांची मुळे तोडीत व गाळ उपशीत. डोके पाण्यावर राहिले म्हणजे काम चालू ठेवावयाचे, असा तेथील हिशेब होता. रात्री झोपड्यांत अंगावरच्या चिखलासकट आडवे व्हावयाचे आणि शेकोटीच्या उबेने जेवढे वाळेल तेवढे वाळवावयाचे. नेमून दिलेले काम अपुरे राहिले तर मुकादमाचा आसूड होताच. गंमत अशी, आणि ही गंमत क्रूर आहे, की ज्या दलदलीत हे गुलाम राबत तिच्याच दुर्गम अंतर्भागात पळून आलेले दुसरे गुलाम मालकांस न सापडता वर्षानुवर्षे वस्ती करून राहात.

कालवा झाला तरी आरंभी तो फार उथळ होता. छपरांसाठी चिरलेल्या लाकडी फळ्यांनी भरलेले तराफे काय ते त्यातून जात. त्याचे भाग्य उघडले ते 1812 साली इंग्लंडशी जुंपलेल्या युद्धामुळे. इंग्रजांच्या आरमाराने चेसापीक उपसागराची नाकेबंदी केली, बाहेरची वाट बंद झाली आणि व्यापाऱ्यांस हा आतला रस्ता आठवला. ह्याच संधीने ग्रँडीचे आयुष्य बदलले. नौका हाकण्यात त्याचा हातखंडा होता. एलिझाबेथ सिटीतील ग्राइस नावाच्या व्यापाऱ्याच्या नौका त्याने भागीने घेतल्या. भाड्याचा अर्धा वाटा व्यापाऱ्याचा, उरलेल्यातून खलाशांचा खर्च आणि स्वतःची शिल्लक. एलिझाबेथ सिटी ते नॉरफोक अशा त्याच्या खेपा सुरू झाल्या आणि लोक त्यास ‘कॅप्टन ग्रँडी’ म्हणू लागले. कायद्याच्या दृष्टीने मात्र हा कप्तान दुसऱ्याच्या मालकीची वस्तू होता, आणि ह्या वस्तूच्या वापराबद्दल मालकास दरसालची रक्कम द्यावी लागे. ती देऊन उरलेला पैसा त्याने साठविला. कशासाठी, हे सांगावयास नको.

त्याची सुटका ही एक विलक्षण कथा आहे. ठरलेले सहाशे डॉलर त्याने मालकास चुकते केले. मालकाने पैसे घेतले आणि त्यास दुसऱ्याला विकून टाकले. दुसऱ्याशीही सहाशेंचा करार झाला. तेही ग्रँडीने कमावून भरले. पण ह्या गृहस्थाने त्यास आधीच गहाण टाकलेले होते, आणि तो तिसऱ्याच्या हाती गेला. अखेर एडवर्ड मिनर नावाच्या एका भल्या कप्तानाने साडेसहाशे डॉलर भरून त्यास सोडविले, व ते ऋण ग्रँडीने पुढे मेहनत करून फेडले. एकाच माणसाने स्वतःची किंमत तीन वेळा मोजली. बेरीज साडेअठराशे डॉलर. गुलामाने केलेला करार न्यायालयात टिकत नसे, त्यामुळे पहिल्या दोघांपैकी कोणासही ह्याबद्दल जाब द्यावा लागला नाही. लबाडी दोघा माणसांची खरी, पण तिला मुभा कायद्याने दिली होती, हे विसरून चालणार नाही.

परंतु प्रस्तुत लेखकास ग्रँडीच्या हकीकतीत सर्वांत जड वाटते ते पान हे नव्हे. तरुणपणी त्याचे लग्न झाले होते. बायको इनॉक सॉयर नावाच्या मालकाची गुलाम होती. लग्नाला सुमारे आठ महिने झाले होते. एके दिवशी कालव्याच्या काठाने जाणाऱ्या रस्त्यावर त्यास मागून गलबला ऐकू आला. वळून पाहतो तो विकत घेतलेल्या गुलामांचा तांडा चाललेला. त्यांतून कोणी त्याच्या नावाने हाक मारली. ह्या लोकांत आपणांस ओळखणारे कोण, असा त्यास प्रश्न पडला; पाहिले तो त्याची बायको. घोड्यावर बसलेल्या व्यापाऱ्यास त्याने विचारले, हिने अपराध काय केला? अपराध काही नाही, मालकास पैशाची गरज होती, असे उत्तर मिळाले. गाडीजवळ आलास तर गोळी घालीन, म्हणून व्यापाऱ्याने पिस्तूल काढले. हातात हात घेण्याची परवानगी मागितली, तीही मिळाली नाही. दूर उभे राहून बोलण्याची तेवढी मिळाली. पण त्याच्या तोंडून शब्द फुटेना. खिशात होते ते थोडे पैसे त्याने तिला दिले आणि निरोप घेतला. त्या दिवसानंतर ती त्यास कधी दिसली नाही, तिची वार्ताही कानी आली नाही. पुढे ग्रँडीस गहाणात मिळविणारा तो तिसरा मालक म्हणजे हाच सॉयर.

स्वतंत्र झाल्यावर ग्रँडी उत्तरेस बोस्टनला गेला. लाकडे फोडली, कोळसा वाहिला, खलाशी म्हणून समुद्रावर गेला, आणि त्या कमाईतून दुसऱ्या बायकोस तीनशे डॉलरांना व एका मुलास साडेचारशे डॉलरांना विकत घेऊन मुक्त केले. बाकीची मुले व आप्त ठिकठिकाणी विकले गेले होते. त्यांच्या सुटकेसाठी पैसा उभा राहावा म्हणून त्याने आपली हकीकत सांगितली आणि ती 1843 साली लंडन येथे छापून निघाली. तिची प्रस्तावना जॉर्ज थॉम्सन ह्याची आहे. हे नाव आपल्या इतिहासात अपरिचित नाही. द्वारकानाथ टागोरांबरोबर कलकत्त्यास येऊन 1843 मध्येच तेथे बेंगॉल ब्रिटिश इंडिया सोसायटी स्थापण्यात पुढाकार घेणारा वक्ता तो हाच. त्यानंतर तीस वर्षांनी, 1873 साली, जोतीराव फुल्यांनी आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक नीग्रोंच्या दास्यविमोचनाबद्दल अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केले. त्या अर्पणपत्रिकेवरून आपली नजर भराभर पुढे सरकते. ग्रँडी वाचल्यावर तशी सरकत नाही.

वाटेची पुढची कथा थोडक्यात सांगता येईल. कोषमंत्री अल्बर्ट गॅलाटिन ह्याने 1808 सालीच सरकारास दाखवून दिले होते की, चार ठिकाणी मिळून शंभर मैलांहूनही कमी कालवे खणले तर मॅसॅच्युसेट्सपासून कॅरोलिनापर्यंत सुरक्षित जलमार्ग तयार होईल. खर्चाचा अंदाज सुमारे तीस लाख डॉलर. सरकारने ऐकले, पण शंभर वर्षांनी. दरम्यान 1859 साली शेजारीच वाफेच्या यंत्रांनी खणलेला अधिक खोल असा दुसरा कालवा खुला झाला आणि जुन्याचा व्यापार ओसरला. विसाव्या शतकात हे दोन्ही सरकारने विकत घेतले; नवा 1913 साली, जुना 1929 साली. 1936 मध्ये दक्षिण कॅरोलिनातील अखेरचा दुवा जुळला. 1942 साली जर्मन पाणबुड्यांनी हॅटरसच्या परिसरात जहाजांमागून जहाजे बुडविली, तेव्हा आतल्या वाटेचे मोल पुन्हा एकदा सर्वांस पटले. कालव्यालगतच्या दलदलीचा मोठा भाग 1974 पासून वन्य पशुपक्ष्यांसाठी राखून ठेवलेला आहे.

दलदलीच्या मध्यभागी ड्रमंड नावाचे सरोवर आहे. जुन्या कालव्यास पाणी तेथूनच येते. डीप क्रीकचे दार उघडले की नौकेखाली भरते ते हेच. सात-आठ फूट चढण्यास फार वेळ लागत नाही. तेवढ्या वेळात एकाने पुढचा दोर धरावयाचा आणि दुसऱ्याने मागचा. अशा वाटेने जाण्यास माणसे दोन लागतात ती त्यासाठीच. ग्रँडीने आपल्या मालकांची नावे सांगितली आहेत, मुकादमाचे सांगितले आहे, बायकोस नेणाऱ्या व्यापाऱ्याचेही सांगितले आहे. तिचे नाव त्या पुस्तकात आढळत नाही.