मोठा आवाज कुणाचा?

नायक चिडला की ओरडतो आणि खलनायक खदाखदा हसतो, असा आपला एक ठोकताळा असतो. पण पडद्यावर मोठ्यानं कोण बोलतं आणि हळू कोण, हे काळाबरोबर बदलत गेलंय. आज त्याचीच गोष्ट.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' लागला आणि आपला पडदा बोलू लागला. बोलपटातले बरेच नट पारशी रंगभूमीवरून आलेले. नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचा तर छाती भरून बोलावंच लागे. तीच सवय सिनेमात आली. राग असो की पश्चात्ताप, पट्टी वरचीच. सोहराब मोदींचा 'पुकार' (१९३९) आठवा.

'आलम आरा'मध्ये पृथ्वीराज कपूरही होते. पुढे 'मुघल-ए-आझम'मध्ये (१९६०) तेच अकबर झाले. समोर दिलीपकुमारांचा सलीम. बाप गरजतो, मुलगा आवाज खाली ठेवून उत्तर देतो. एक नट रंगभूमीला धरून बोलतोय, दुसरा माइकला ओळखून. अकबर काही खलनायक नव्हे, तोही न्यायाच्या शब्दात अडकलेला आहे. पण हुकूम त्याच्या हातात आहे, म्हणून आपलं मन हळू बोलणाऱ्याकडे झुकतं.

मग १९७५ साली 'शोले' आला. सलीम-जावेद यांनी अमिताभच्या जयला मोजकेच शब्द दिले आणि गब्बरला बोलता केला. अमजद खान हळू सुरुवात करतात, थांबतात, हसतात आणि मग एकदम फुटतात. भीती त्या थांबण्यात आहे. या संवादांची तबकडी निघाली, ती धडाक्यात खपली आणि खलनायकाची वाक्यं पोरांच्या तोंडी बसली.

त्याच सुमारास मराठीत 'सामना' आला. लेखन विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. १९७५ मध्ये तो बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत होता. निळू फुल्यांचा हिंदुराव साखर कारखान्याचा धनी. सगळा गाव त्याच्या मुठीत, मग त्याला ओरडायची गरजच काय? तो आग्रह करून पाहुण्याला खाऊ-पिऊ घालतो. समोर श्रीराम लागूंचे मास्तर, दारूत बुडालेले, हाती काही नसलेले. त्यांच्याकडे फक्त एक प्रश्न आहे: गावातून नाहीसा झालेला मारुती कांबळे, त्याचं काय झालं? तोच प्रश्न ते पुन्हा पुन्हा विचारतात. शेवटी हिंदुरावची सद्दी त्या प्रश्नापुढे टिकत नाही.

म्हणजे गर्जनेपासून निघालेला आपला सिनेमा इथवर आला, की खलनायक गोड बोलतो आणि नायकाची जीभ दारूनं जड झालेली असते. मंडळी, तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा की बेळगावात, असा एखादा हिंदुराव तुम्ही पाहिला असेलच. 'सामना' पुन्हा बघा आणि या वेळी हिंदुरावचे नुसते शब्द नका ऐकू. मास्तरांनी प्रश्न विचारल्यावर तो किती वेळ गप्प राहतो, ते मोजा.